खोडलेला अभंग

कार्तिकी एकादशीला सोलापुरात मावशीच्या घरी भजन असतं. पंधरा-वीस बायका, एक पेटी, एक मृदंग, उपासाच्या चहाचं आधण आणि शेंगदाण्याच्या लाडवांचं झाकून ठेवलेलं ताट. त्या वर्षी मी उशिरा पोचले आणि दाराशीच बसले. रूपाचा अभंग होऊन गेला होता, हरिपाठही झाला होता. मग मावशीने डोळे मिटून एक नवी चाल धरली आणि मला दरदरून घाम फुटला. ते शब्द माझे होते.

तीन आठवड्यांपूर्वी रात्री जागून मी ते लिहिले होते, माझ्या कादंबरीच्या चौदाव्या प्रकरणासाठी. शेवटच्या चरणात 'भानुदास म्हणे' अशी मुद्रा, म्हणजे रचणाऱ्या संताच्या नावाची खूण, घातली होती. चरणांच्या आद्याक्षरांतून एका जागेचं नाव निघत होतं आणि ते ज्याला उमगेल त्याला मूर्ती कुठे दडवली आहे ते कळणार होतं. अशी कोडी रचायला मला आवडतं, आणि हे चांगलं जमलंय याचा मला आनंदही झाला होता. मावशीला प्रकरणं वाचायला दिली ती तिने आमच्या आजोबांबरोबर पायी वाऱ्या केल्या आहेत म्हणून. भाषेत कुठे खडा लागला तर ती सांगेल, एवढीच अपेक्षा होती. तिने अभंग वहीत उतरवून घेतला आणि त्याला चाल लावली. आता पंधरा बायका त्याचं धृपद उचलत होत्या. मुद्रेचा चरण आला तेव्हा माझ्या पुढ्यात बसलेल्या आजींनी टाळ मांडीवर ठेवून हात जोडले.

त्या जोडलेल्या हातांनी माझी कादंबरी जवळजवळ दीड वर्ष थांबवली.

गोष्ट कोणती ते सांगते. मराठी घरांत ती बहुतेकांनी ऐकलेली असते. विजयनगरचा राजा पंढरपूरला आला, विठ्ठलाची मूर्ती त्याला फार आवडली आणि ती तो आपल्या राजधानीत घेऊन गेला. पंढरी ओस पडली. तेव्हा पैठणचे भानुदास, म्हणजे एकनाथांचे पणजोबा, देवाला आणायला निघाले. हंपीला रात्री गाभाऱ्यात देव त्यांना भेटला आणि त्याने आपल्या गळ्यातला हार त्यांच्या गळ्यात घातला. सकाळी हार नाहीसा झाल्याची ओरड झाली, तो भानुदासांपाशी सापडला, त्यांना सुळावर देण्याची आज्ञा झाली. सुळाच्या कोरड्या लाकडाला अंकुर फुटले. राजा वरमला आणि देव भानुदासांबरोबर परत निघाला.

चोरीचा आळ, बंद दारांचा गाभारा, मृत्युदंड, ऐन क्षणी सुटका आणि शेकडो मैलांची परतीची वाट. थरारक कादंबरी लिहिणाऱ्याला आणखी काय लागतं? शिवाय ही गोष्ट जिथे इतिहासाला टेकते तिथे ती अधिकच ताणली जाते. महिपतींनी 1762 साली 'भक्तविजय' पुरा केला, त्यात ही कथा आहे आणि त्यातला राजा 'रामराजा' आहे. रामराय हा विजयनगरचा सूत्रधार 1565 साली तालिकोटच्या लढाईत मारला गेला. भानुदासांचा काळ परंपरेने 1448 ते 1513 असा सांगितला जातो. या हिशेबाने रामरायाच्या अमलाच्या कितीतरी आधी ते गेलेले. म्हणून अभ्यासक बहुधा कृष्णदेवरायाचं नाव घेतात. तो गादीवर आला 1509 मध्ये. म्हणजे मूर्ती नेणं आणि परत आणणं हे सगळं 1509 ते 1513 या चार वर्षांत बसवायचं. ज्या गोष्टीला घड्याळ नव्हतं तिला ते मिळालं. मी भिंतीवर चार वर्षांचा तक्ता लावला, पावसाळे निळ्या रंगाने रंगवले आणि कामाला लागले.

मग हंपीला गेले. होटगी, विजापूर, गदग असं करत आगगाडी होस्पेटला पोचते आणि वाटेत स्टेशनांच्या पाट्या मराठीतून कानडीत कधी शिरल्या ते लक्षातही येत नाही. विठ्ठल मंदिराच्या आवारात लोक दगडी रथापुढे उभे राहून फोटो काढत असतात, सूर देणाऱ्या खांबांपाशी घोळका असतो. मी सरळ गाभाऱ्याकडे गेले. तिथे मूर्ती नाही. गाभाऱ्याभोवतीच्या प्रदक्षिणामार्गात काही पायऱ्या उतरून जावं लागतं. आत इतका अंधार की भिंत हाताने चाचपत चालायचं. मला तिथे कादंबरीचं पहिलं प्रकरण सापडेल असं वाटलं होतं. प्रत्यक्षात त्या अंधारात मला आमच्या आजोबांची आठवण आली. पायाला फोड आलेले असतानाही ते कुणी विचारलं तर 'माउली चालवतात' एवढंच सांगायचे. मी प्रदक्षिणा पुरी केली आणि रिकाम्या गाभाऱ्याला नमस्कार केला. देव नाही हे ठाऊक असूनही हात जोडले गेले. कादंबरीत पुढे जे काही खरं उतरलं, ते त्या रिकाम्या गाभाऱ्यातून आलं.

त्यानंतर वाटेचा प्रश्न आला. हंपी ते पंढरपूर सरळ रेषेत धरलं तरी पावणेतीनशे किलोमीटरांहून अधिक. मी नकाशे पसरून बसले. विठ्ठल मंदिर तुंगभद्रेच्या दक्षिण तीरावर, म्हणजे निघाल्या निघाल्या तुंगभद्रा ओलांडायची. पुढे कृष्णा. आणि शेवटी, माझ्या डोक्यात कधीपासून तयार असलेलं दृश्य, मध्यरात्री दुथडी भरलेली चंद्रभागा, पलीकडे पंढरीचे दिवे, पाठीमागे घोडेस्वार. हे दृश्य मी सगळ्यांत आधी लिहून ठेवलं होतं, बावीस पानं. नकाशावर बोट ठेवलं तेव्हा लक्षात आलं की पंढरपूर भीमेच्या उजव्या तीरावर आहे. दक्षिणेकडून येणाऱ्याला चंद्रभागा ओलांडावीच लागत नाही. मंगळवेढ्याकडून यावं तर वाटेत माण नदी लागते. चंद्रभागा भेटते ती गावात पोचल्यावर, स्नानाला.

नदीची दिशा बदलून चालत नाही. राजाचं मन, सरदाराचा डाव, पुजाऱ्याची भीती हे सगळं मी कल्पनेने लिहू शकते. नदी मात्र जिथे आहे तिथेच राहणार आणि ती बघायला वाचक उद्या जाऊ शकतो. बावीस पानं बाजूला काढली. त्यांच्या जागी मंगळवेढा आलं, आणि मंगळवेढा आलं म्हणून चोखोबा आले. 1338 साली मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम चालू असताना ते कोसळलं आणि त्याखाली चोखामेळा गेले. नामदेव त्यांच्या अस्थी आणायला गेले, तेव्हा ज्या हाडांतून 'विठ्ठल विठ्ठल' ऐकू आलं ती चोखोबांची, अशी ओळख पटवून त्यांनी ती पंढरपुरी आणली, असं परंपरा सांगते. माझा देव घेऊन निघालेला काफिला आता त्याच वाटेवर होता. पावणेदोनशे वर्षांपूर्वी जिथून एका भक्ताच्या अस्थी पंढरीला गेल्या, तिथूनच देव चालला होता. हे मी ठरवून रचायला गेले असते तर कृत्रिम झालं असतं. नकाशातली एक चूक सुधारताना ते आपसूक घडलं.

मूर्तीच्या वजनाचाही असाच पेच होता. काळा पाषाण घनफुटाला ऐंशी किलोच्या आसपास भरतो. उभी मूर्ती आणि खालची बैठक मिळून अडीच-तीन घनफूट धरले तरी दोनशे किलोंच्या वर गेलं. एकटा म्हातारा माणूस ते कसं नेणार? मी बैलगाडी आणली, गवताच्या पेंढ्या आणल्या, चाकांची वंगणं, आसाचा आवाज, खडकाळ उतारावर गाडीला मागून दोर लावून धरणारे चार गडी. मला हा तपशील मनापासून आवडतो. वाचकाच्या खांद्याला तो भार जाणवला पाहिजे, तरच मागून येणाऱ्या टापांची भीती वाटते. पण महिपतींकडे परत गेले की तिथे गाडीच नाही. देव भक्तासाठी लहान झाला, इतकंच. उचलता येईल एवढा झाला आणि पंढरी जवळ आल्यावर पुन्हा होता तेवढा झाला.

हे वाचताना सुरुवातीला मी पुढे सरकायचे. चमत्काराचा भाग म्हणून सोडून द्यायचे. कितव्यांदा वाचताना कोण जाणे, मी थांबले. ज्याने ही गोष्ट प्रथम सांगितली त्यालाही दगडाचं वजन ठाऊक होतं. माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार, कारण त्याच्या गावात जातं, उखळ, पाटा सगळं दगडाचंच होतं. हा भार एका माणसाने कसा आणला, हा प्रश्न त्यालाही पडला आणि त्याने उत्तर दिलं की ज्याला यायचं असतं तो हलका होतो. माझी गाडी, माझे दोर, माझे चार गडी या उत्तरापुढे कमी पडत होते. तेव्हापासून कादंबरीत दोन्ही आहेत. गाडीवाल्यांना भार लागतो. भानुदासांना लागत नाही. कोणाचं खरं, ते मी कुठेही सांगत नाही.

आता माढ्याबद्दल. सोलापूर जिल्ह्यातल्या माढ्याला माढेश्वरी देवीचं मंदिर प्रसिद्ध आहे, पण तिथे विठ्ठलाचीही एक मूर्ती आहे. अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी, 1659 साली, पंढरपूरची मूर्ती संकटातून वाचवण्यासाठी हलवली गेली आणि ती माढ्याला होती असं सांगतात. रामचंद्र चिंतामण ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या 1984 मधल्या ग्रंथात याच्या पुढचं पाऊल टाकलं. स्कंदपुराणाशी जोडलेल्या पांडुरंगमाहात्म्यात मूर्तीच्या छातीवर मंत्राक्षरं असल्याचं वर्णन आहे. माढ्याच्या मूर्तीच्या छातीवर अक्षरं कोरलेली आहेत. यावरून आद्य मूर्ती माढ्याची, असा त्यांचा निष्कर्ष. त्यावर मोठा वाद झाला. सगळ्यांनी तो मानला नाही, आजही मानत नाहीत.

धर्मेतिहासावर थ्रिलर लिहायला बसलेल्या कुणालाही इथे कथानक तयार मिळतं. खरी मूर्ती कुठली? सत्य कुणी दडवलं? एक संशोधक, एक खून, एक जुनं बाड, शेवटी गौप्यस्फोट. माझ्याही पहिल्या आराखड्यात हेच होतं. ते मी सोडून दिलं, आणि वादाला भिऊन सोडलं असं मला वाटत नाही. आषाढीच्या दर्शनबारीत मी एकदा रात्रभर उभी होते. पुढेमागे जालना, नांदेड, गुलबर्गा इकडून आलेली माणसं. त्यांतल्या एका काकांना मी ढेऱ्यांचा सिद्धांत सांगितला, जमेल तितका नीट. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाले, "असंल की ताई. माढ्याचाबी आपलाच हाय." आणि पुढे सरकले. कित्येकजण तर गाभाऱ्यापर्यंतही जात नाहीत, कळसाला हात जोडतात आणि परतीची एसटी धरतात. ज्या गौप्यस्फोटाने या माणसांच्या आयुष्यात काहीच हलत नाही, त्यावर मी चारशे पानं कशी उभी करू?

ढेऱ्यांचं म्हणणं खोटं किंवा बिनमहत्त्वाचं आहे असं मला सुचवायचं नाही. त्यांच्या ग्रंथाने मला विठ्ठलाचे कानडी पाश दाखवले, होयसळ राजा सोमेश्वराचा 1237 चा शिलालेख दाखवला, ज्यात भीमरथीकाठचं हे क्षेत्र आणि पुंडरीक यांचा उल्लेख येतो. 'कानडा हो विठ्ठलु' आपण लहानपणापासून गात आलो, पण तो कानडा का, हे त्यांच्यामुळे मनाला भिडलं. फक्त ते ज्ञानाचं धन आहे. त्याचं कोडं करून शेवटच्या पानावर फोडावं, हे मला पटेना.

मग भीती कशाची? थरार कसला? उत्तर मला 1947 मध्ये मिळालं. त्या वर्षी 1 मेपासून साने गुरुजींनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण केलं. विठ्ठल मंदिर हरिजनांना खुलं व्हावं ही मागणी. दहाव्या दिवशी मंदिर खुलं करण्याचं मान्य झालं. पण दारं उघडण्याआधी काही सनातनी मंडळींनी विधी करून मूर्तीतलं तेज एका घागरीतल्या पाण्यात काढून घेतलं, असं सांगितलं जातं. त्यांच्या मते देव घागरीत गेला आणि मंदिरात उरला तो दगड.

ही हकिगत प्रथम वाचली तेव्हा मला रडू आलं. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीपाशी आहे. सहाशे वर्षं तो माणूस दाराबाहेर उभा. आणि शेवटी दार उघडतं तेव्हा आतून कुणीतरी देवच उचलून नेऊ पाहतं. विजयनगरच्या राजाने प्रेमापोटी नेला, खानाच्या धाकाने लपवला, आणि इथे आपल्याच माणसांना मिळू नये म्हणून नेला. माझ्या कादंबरीला तिचा गाभा इथे मिळाला. आता ती दोन काळांत चालते, सोळाव्या शतकातली गाडी आणि 1947 च्या मेमधली घागर. घागर घेऊन निघालेला तरुण, तिच्या मागावर असलेली मुलगी, ते दोघेही माझे, काल्पनिक. उपोषण, मठ, तारखा मात्र जशा आहेत तशा. प्रत्यक्षातल्या कुठल्याही माणसाच्या तोंडी त्याने न बोललेलं वाक्य मी घातलेलं नाही. साने गुरुजी कादंबरीत दिसतात ते फक्त दुरून, मठाच्या ओसरीवर अंथरुणात, आणि ते काही बोलत नाहीत.

आणि तरीही भानुदासांच्या नावावर मी एक अख्खा अभंग रचला होता. गुरुजींच्या बाबतीत जी काळजी घेतली ती भानुदासांच्या बाबतीत का सुटली? ते पाचशे वर्षं जुने म्हणून? त्यांना ओळखणारं कुणी हयात नाही म्हणून? पण हयात आहे. दर एकादशीला मावशीच्या माडीवर जमतं.

त्या संध्याकाळी लाडू खाऊन बायका गेल्यावर मी मावशीला खरं सांगितलं. तिने आधी विश्वासच ठेवला नाही.

"अगं पण खाली 'भानुदास म्हणे' आहे की."

"ते मीच घातलं, मावशी. कादंबरीसाठी."

ती वही उघडून बराच वेळ बघत बसली. मला वाटलं रागावेल. ती म्हणाली, "चांगला आहे गं. म्हणूनच दुखतंय." मग पेनाने चारही चरणांवर एक आडवी रेघ ओढली. पान फाडलं नाही. विठ्ठलाचं नाव होतं त्यात.

मी तिला म्हटलं असतं की संतांच्या गाथांत असे कितीतरी प्रक्षिप्त अभंग आहेत, 'तुका म्हणे' म्हणून अनेकांनी आपलं घातलं आहे, अभ्यासक पिढ्यान्‌पिढ्या ते निवडत बसले आहेत. हे सगळं मला पाठ होतं. पण ज्यांनी घातलं त्यांनी निदान भक्तीने घातलं असेल. मी एका तळघराचा पत्ता लपवायला घातलं होतं. पुढच्या महिन्यात मंडळातल्या एकीच्या मुलीच्या सासरी, बार्शीला, तो अभंग म्हटला गेल्याचं कळलं. कुणीतरी मोबाइलवर रेकॉर्ड केला होता. तो किती फोनांत गेला असेल ते मला शोधता येत नाही. म्हणूनच त्यातली एकही ओळ मी इथे देत नाही.

तळघराचंही सांगायला हवं. आधीच्या खर्ड्यात मी मंदिराच्या फरशीखाली एक तळघर कल्पिलं होतं आणि ते फार ठरावीक वाटतं म्हणून काढून टाकलं होतं. मे 2024 च्या अखेरीस पंढरपूरच्या मंदिरात जतनाचं काम चालू असताना फरशीखाली खरोखरच एक पोकळी लागली. आत उतरलेल्यांना जुन्या दगडी मूर्ती मिळाल्या, जाणकारांनी त्या पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या आसपासच्या असाव्यात असं सांगितलं. दिवसभर मला फोन येत होते. तुझं तळघर सापडलं, आता घाल ते परत. नेमकं माझ्या कथेच्या शतकातलं. मी बातम्यांतली ती छायाचित्रं पुन्हा पुन्हा पाहिली. धूळ झटकून ओळीने ठेवलेल्या मूर्ती. कुणीतरी कधीतरी एकेक करून त्या खाली उतरवल्या असतील, वर दगड बसवला असेल आणि ती जागा कुणाला सांगायच्या आत ते माणूस गेलं असेल. त्याचं नाव नाही, जात नाही, तो बडवा होता की पाथरवट होता की पहाऱ्यावरचा कोणी, काही नाही.

त्या मूर्ती मी कादंबरीत घेतल्या नाहीत. तो माणूस घेतला. त्या रात्री कंदील धरणारा, दगड सरकवणारा, घरी जाऊन हात धुणारा. अशा माणसांबद्दल कुणी काही लिहून ठेवलेलं नाही, आणि त्यांच्याबद्दल मी कितीही कल्पना केली तरी कुणाच्या देवघरातलं काही हलणार नाही. गाडीवान, दोर धरणारे चौघे, घागर घेऊन निघालेला तो तरुण, सगळे त्याच रात्रीचे सोबती.

चौदावं प्रकरण मी गेल्या महिन्यात पुन्हा लिहिलं. कृष्णेच्या काठी मुक्काम आहे. बैल सोडलेत, पेंढा ओला झालाय, पलीकडच्या तीरावर कुणाच्या तरी मशाली हलताहेत. भानुदास गाडीला टेकून बसले आहेत आणि हलक्या आवाजात गाताहेत. इथे पूर्वी तो अभंग होता, चार चरण आणि मुद्रा. आता प्रसंग गाडीवानाच्या नजरेतून आहे. तो होस्पेटकडचा, कानडी. म्हातारा काय म्हणतोय ते त्याला समजत नाही. अधूनमधून एक शब्द येतो तेवढा त्याच्या ओळखीचा आहे. तो आला की गाडीवान मशालींकडे बघायचं थांबतो आणि मान हलवतो.

हे प्रकरण मी मावशीला अजून दिलेलं नाही. आषाढी झाली की देईन.